अवरेच्या दिवसांतला ताप

म्हैसूरच्या हुणसूर रोडवर, हिनकलच्या अलीकडे, अवरेच्या शेंगांचे ढीग पुन्हा दिसायला लागले आहेत. अवरे म्हणजे आमच्या सांगलीकडच्या पावट्याची चुलत बहीण. पण हिला एक उग्र, तेलकट वास असतो, आणि दव जितकं जास्त पडेल तितका तो चढतो. इथल्या बायका मूठभर शेंगा उचलून आधी नाकाशी धरतात. वास नसेल तर भाव न विचारता पुढे जातात. मीही आता तसंच करते. यंदा पहिल्यांदा शेंगा नाकाशी धरल्या आणि तशीच उभी राहिले. विकणारी म्हणाली, "चांगल्या आहेत, अम्मा, आज पहाटेच तोडल्यात." मी मान हलवली. या वासाबरोबर मला बायकांच्या वॉर्डातली खिडकीजवळची एक खाट दिसते, हे तिला काय सांगणार.

दसरा उरकलेला असतो. रस्त्यांवरचे दिवे उतरलेले असतात, पाहुणे आपापल्या गावी गेलेले असतात, आणि शहर पुन्हा इथल्या माणसांचं होतं. सकाळी चामुंडीचा डोंगर धुक्यात अर्धा बुडालेला. हूटगळ्ळीत आम्ही राहतो तिथं नव्या घरांच्या मधेमधे रिकामे प्लॉट आहेत. पावसाळाभर वाढलेलं गवत त्यांत कमरेएवढं उभं असतं. जवळपासच्या बायका गाईंसाठी ते कापायला विळे घेऊन येतात, आणि कापलेल्या गवताचा वास संध्याकाळपर्यंत घरात रेंगाळतो. पूर्वी मी या दिवसांना म्हैसूरचे सगळ्यात चांगले दिवस म्हणायचे. आईशी फोनवर बोलताना अजूनही कधीकधी म्हणते. पण गवतात वाकलेली बाई दिसली की माझी नजर तिच्या उघड्या पोटऱ्यांकडे, हातांकडे जाते, आणि मग मला तीन वर्षांपूर्वीचे हेच दिवस आठवतात.

मी डॉक्टर नाही. सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली, नवऱ्याच्या नोकरीपायी इकडे आलेली. शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात तापाच्या अभ्यासात काम करते. पाच दिवसांहून जास्त ताप आहे आणि नेहमीच्या तपासण्यांत कारण सापडत नाही, असे रुग्ण आम्ही अभ्यासात घ्यायचो. त्यांची संमती घ्यायची, लांबलचक फॉर्म भरायचा, थोडं रक्त काढायचं, बाटलीवर नावाऐवजी आकडा चिकटवायचा आणि ती फ्रीझरमध्ये ठेवायची. पुरेसे नमुने जमले की सगळ्यांची तपासणी एकदम. आपल्या भागात कोणते नवे आजार येऊ घातले आहेत ते कळावं, म्हणजे पुढे डॉक्टरांना योग्य औषध लवकर देता येईल, एवढा साधा हेतू. आईनं विचारलं तेव्हा मी तिला मराठीत सांगितलं होतं, ‘उदयोन्मुख संसर्गजन्य आजार.’ ती म्हणाली, "शब्द तर छान आहे गं. सकाळ झाल्यासारखं वाटतं." मलाही तो शब्द तेव्हा आवडायचा.

त्या दिवशी मी वॉर्डाच्या दारात उभी राहून आईशीच बोलत होते. फोन ठेवला तर खिडकीजवळच्या खाटेवरून हाक आली.

"तुमी मराठीत बोललाव, अल्वा?"

‘अल्वा’ म्हणजे ‘होय ना’. पंचावन्नच्या आसपासची एक बारीक बाई उशीला टेकून बसली होती. कपाळावर मोठं कुंकू, अंगावर शाल, गाल तापानं लाल झालेले. डोळ्यांत मात्र ओळखीचं माणूस भेटल्याचा आनंद.

"हो," मी म्हटलं. "तुम्ही मराठी?"

"मराठाच की आमी. आज्याचे आजे राजाच्या फौजंत हुते म्हणत्यात. कुटनं आले ते आता कुणालाच म्हाईत नाय." ती हसली आणि हसता हसता खोकली. "आमचं मराठी ऐकून तुमाला हसू येईल. निम्मं कन्नडच हाय."

मला हसू आलं नाही. इतकी वर्षं इथं राहून अशी घरं मला माहीत होती. दाराच्या आत मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. पण त्या घरातलं कुणी असं समोर बसून बोललं नव्हतं. त्यांचं नाव सुलोचनाबाई. नवरा कृष्णोजीराव, सरकारी बसवर ड्रायव्हर होते, आता निवृत्त. घर हिनकलला. एकुलती मुलगी वनिता हूटगळ्ळीच्या एका कारखान्यात हिशेबाच्या खात्यात. जावई रजा काढून दवाखान्यात धावपळ करत होता; औषधं आण, रिपोर्ट आण, सासऱ्यांना घरी सोड, सगळं तोच.

"लई भला पोरगा हाय," सुलोचनाबाई म्हणाल्या. "पोटच्या पोरानं केलं नसतं येवडं करतोय. मलाच कसंतरी वाटतंय त्याच्याकडनं सेवा घ्याया."

हे वाक्य मी ऐकलं होतं. ते ऐकूनही त्यातलं काही मला कळलं नाही, हे नंतर फार वेळा आठवलं.

त्यांचं माहेर हुणसूरच्या पलीकडे. भाऊ तंबाखू पिकवतो. दरवर्षी दसरा झाला की दोन-तीन आठवडे त्या भावाकडे जात. तंबाखू भाजायच्या भट्ट्या तोवर थंडावलेल्या असत, पण भिंतींना तो गोडसर धुराचा वास महिनाभर धरून राही. शेतात नुसते बुंधे उभे. बांधावर गवत माजलेलं. भावजयीबरोबर त्या ते कापत, भारे बांधत, दुपारी बांधावरच बसून भाकरी खात. परत येताना पिशवीभर अवरे. यंदा परत आल्या त्या अंग दुखतंय म्हणतच. मग ताप. जवळच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या. ताप उतरेना. डोकं इतकं दुखायचं की दिवा नको वाटायचा. रक्तातल्या प्लेटलेट कमी दिसल्या, आणि त्या दिवसांत डेंग्यूचे रुग्ण येतच होते, म्हणून सगळ्यांना तेच वाटलं. डेंग्यूची तपासणी मात्र काही दाखवत नव्हती.

मी त्यांना अभ्यासाबद्दल सांगितलं. नियमाप्रमाणे जे सांगावं लागतं तेही सांगितलं, की याचा तुम्हाला स्वतःला लगेच फायदा होईल असं नाही. तपासणीचं उत्तर यायला वेळ लागतो. फायदा झालाच तर पुढच्या रुग्णांना होईल.

त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "पुढं येनारे बी कुनाचं तरी मानूसच की."

फॉर्म कन्नडमध्ये होता. त्यांनी सहीही कन्नड अक्षरांत केली, हळूहळू, प्रत्येक अक्षर गोल काढत. मराठी त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. "आमचं मराठी तोंडातच हाय," त्या म्हणाल्या. "कागदावर कदी गेलंच नाय."

मग प्रश्न. गाव, काम, पाणी कुठलं, घरात जनावरं आहेत का, रानात गेला होतात का, ताप कधी सुरू झाला. बऱ्याच पुढे एक प्रश्न होता: अंगावर कुठं काळी खपली, डाग, किडा चावल्याची खूण आहे का? मी तो मराठीतच विचारला. जावई खाटेच्या पायथ्याशी उभा होता, हातात रिपोर्टांची फाइल. वॉर्डात लावायचा पडदा होता, पण तो दुसऱ्या टोकाला कुणाच्या तरी खाटेभोवती लावलेला. सुलोचनाबाईंनी शाल पुढं ओढून घेतली.

"नाय," त्या म्हणाल्या.

मी ‘नाही’च्या चौकटीत खूण केली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले.

एवढंच झालं. त्यात घाई नव्हती, निष्काळजीपणा म्हणावा असंही काही नव्हतं. प्रश्न विचारला गेला, उत्तर मिळालं, उत्तर लिहिलं गेलं. कुणी माझा फॉर्म तपासला असता तर त्यात चूक सापडली नसती.

त्याच दुपारी काम संपवून मी पुन्हा त्यांच्याकडे गेले. जावई जेवायला बाहेर गेला होता, शेजारच्या दोन्ही खाटा रिकाम्या होत्या. सुलोचनाबाई एकट्या होत्या. मी स्टूल ओढून बसले.

"बसा, बसा. सुम्मने बसा," त्या म्हणाल्या. सुम्मने म्हणजे उगीच, काही कारण नसताना. "पोरीशी मी मराठी बोलले तर ती कन्नडात जवाब देती. तिची बी काय चूक, शाळंत तेच, कामावर तेच. पन मला आपलं वाटतंय, मी गेल्यावर घरात ही भासा बोलनारं कोन ऱ्हानार? ह्यांचं तर तोंडच उगडत नाय."

"असं काही बोलू नका. ताप उतरेल दोन दिवसांत."

"उतरंल की. तुमी बोला कायतरी. तुमच्या गावाकडचं बोला."

मी अर्धा तास तिथं होते. कृष्णेच्या घाटाबद्दल बोलले, हळदीच्या पेवांबद्दल बोलले, आमच्याकडे पावट्याची उसळ कशी करतात ते सांगितलं. त्यांनी अवरेचे सोललेले दाणे भिजवून त्यांच्यावरची सालं कशी चिमटीनं उडवायची ते हात वर करून दाखवलं. तो अर्धा तास माझा फार छान गेला. तेव्हा तिथं जावई नव्हता, कुणीच नव्हतं, आणि आमच्या दोघींच्या मधे अशी भाषा होती जी त्या वॉर्डात आणखी कुणाला कळत नव्हती. तोच प्रश्न मी तेव्हा पुन्हा विचारला असता तर? मी उसळीबद्दल बोलले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी आले तेव्हा खिडकीजवळची खाट रिकामी होती. त्यांना श्वास लागला म्हणून अतिदक्षता विभागात हलवलं होतं. मी काचेतून बघितलं. तोंडावर मास्क, कुंकू पुसलं गेलेलं. कृष्णोजीराव बाहेरच्या बाकावर थर्मास मांडीवर घेऊन बसले होते. थर्मासातल्या कॉफीचं आता काय करायचं हे त्यांना कळत नसावं.

अकराच्या सुमाराला सिस्टर त्यांचं अंग पुसत होती. डाव्या स्तनाच्या खालच्या घडीत तिला ती दिसली. मसुराएवढी काळी खपली, भोवती लाल कडा, सिगारेटचा चटका बसावा तशी. सिस्टरनं लगेच डॉ. शैलजांना हाक मारली. शैलजा त्या वॉर्डाच्या डॉक्टर आणि आमच्या अभ्यासाच्या प्रमुखही. त्यांनी वाकून बघितलं आणि पहिलं वाक्य औषधाचं बोलल्या. "डॉक्सी सुरू करा. आत्ता. बाकीचं नंतर लिहू."

स्क्रब टायफस. गवतात, झुडपांत राहणाऱ्या किड्यांची डोळ्यांना न दिसणारी पिल्लं चावतात, आणि चावल्या जागी अशी खपली धरते. ती दुखत नाही, खाजत नाही. पोटाच्या घडीत, काखेत, जांघेत, स्तनाखाली, जिथं कपडा घट्ट बसतो तिथंच बहुधा असते. खपली दिसली की निदान जवळजवळ झालंच, आणि औषध साधं आहे, गोळीच. वेळेवर मिळाली तर बहुतेकांचा ताप दोन दिवसांत उतरतो. हा आजार आमच्या भागात वाढतो आहे का, हेच तर आम्हाला शोधायचं होतं. माझ्या फॉर्ममधला तो प्रश्न त्याच्यासाठीच होता.

शैलजा बाहेर आल्या आणि वनिताला विचारलं, "आईच्या छातीखाली खपली आहे, ती कधीपासून, माहीत आहे?"

वनिता कन्नडमध्ये म्हणाली, "गावाहून आल्यावर म्हणाली होती मला. काहीतरी चावलंय म्हणून. हळद लावली होती तिनं."

"मग इथं सांगितलं का नाही?"

वनितानं माझ्याकडे बघितलं. तिच्या नजरेत राग नव्हता. "या मॅडमनी विचारलं होतं म्हणे. पण तेव्हा हे तिथे उभे होते ना. जावयासमोर आई कसं सांगणार?"

तिचा नवरा तिथंच भिंतीशी उभा होता. त्यानं हातातली फाइल एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि जिन्याकडे निघून गेला.

सुलोचनाबाई त्यानंतर दोन दिवस होत्या. औषध शिरेतून चाललं होतं, पण तोवर फुप्फुसं आणि मूत्रपिंडं दोन्ही दमली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना थोडी शुद्ध होती. मी आत गेले. बोलता येत नव्हतं. माझ्याकडे बघून त्यांनी बोटं हलवली, जवळ ये म्हणतात तशी. मी हात धरला. कृष्णेच्या घाटाचंच पुन्हा सांगत राहिले, आदल्या वेळी सांगायचं राहिलेलं. त्या ऐकत होत्या की नाही कुणास ठाऊक. दुपारी तीनच्या सुमाराला त्या गेल्या.

संशोधनाच्या फॉर्मवर काही चुकीचं लिहिलं गेलं तर ते खोडरबरानं पुसायचं नाही, पांढरा रंग लावायचा नाही, असा नियम आहे. एकच आडवी रेघ मारायची, अशी की खालचं वाचता येईल. शेजारी बरोबर ते लिहायचं, तारीख घालायची, सही करायची. दोन दिवसांनी मी सुलोचनाबाईंचा फॉर्म काढला. ‘नाही’वरच्या माझ्या खुणेवर रेघ मारली. ‘आहे’ची खूण केली. कुठे, या रकान्यात जागा लिहिली. सही केली. शैलजा दारातून हे बघत होत्या. आत येऊन बसल्या.

"दोन दिवस आधी कळलं असतं तर वाचल्या असत्या असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही," त्या म्हणाल्या. "आल्या तेव्हाच उशीर झाला होता."

मी फॉर्म पुन्हा फाइलीत लावला.

"आणि तू एकटीच नाहीस. मी त्यांना रोज तपासत होते. पुढून स्टेथोस्कोप मी साडीवरूनच लावला. बरोबर विद्यार्थी होते, बाईंना संकोच वाटेल असं मलाच वाटलं. संकोच त्यांचा, माझा, सगळ्यांचाच. आपण त्याला सभ्यपणा म्हणतो."

त्या आठवड्यात शैलजांनी वॉर्डात पडदे वाढवून घेतले. फॉर्ममधला तो प्रश्न आम्ही काढून टाकला. त्याच्या जागी शरीराच्या जागांची यादी आली, आणि प्रत्येक जागेपुढे, ती कुणी डोळ्यांनी बघितली त्याची सही. बायकांना बाईनंच तपासायचं, नातेवाइकांना बाहेर पाठवून. रानातून, शेतातून आलेल्या माणसाला असा ताप असेल तर खपली सापडो न सापडो, तपासणीचं उत्तर यायची वाट न बघता ती गोळी सुरू करायची. या एका आजाराची तपासणीही नमुने साठवून न करता त्याच दिवशी करायची. सिस्टर कंटाळल्या, आधीच कामाचा ढीग, त्यात हे. पण ज्या सिस्टरला ती खपली सापडली होती ती बाकीच्यांना एवढंच म्हणाली, "मला दिसली तेव्हा उशीर झाला होता. तुम्हाला लवकर दिसू दे."

संक्रांतीच्या सुमाराला साठवलेल्या नमुन्यांची उत्तरं आली. कागदावर नुसते आकडे. मी सुलोचनाबाईंचा आकडा शोधला. उत्तर माहीत असूनही एकेका ओळीवर बोट ठेवून खाली येत गेले. समोर लिहिलं होतं, पॉझिटिव्ह.

घरच्यांना हे कळवायचं की नाही यावर शैलजा आणि मी बोललो. कळवून आता काय होणार, असं मला एकदा वाटलं. खरं म्हणजे मला जायचं नव्हतं. शैलजा म्हणाल्या, "मी येते." मी म्हटलं, "नको. त्यांच्याशी मराठीत बोललेलं बरं."

हिनकलचं त्यांचं घर मोठ्या रस्त्याच्या मागच्या गल्लीत. दारात स्वच्छ शेणसडा होता, रांगोळी नव्हती. कृष्णोजीरावांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः पायरीवर बसले. सुलोचनाबाई म्हणाल्या होत्या तसे ते खरंच कमी बोलणारे. मी सगळं सांगितलं. कोणता आजार होता, कशानं होतो, कसा ओळखतात. ते ऐकत होते. मग म्हणाले, "म्हंजे औषद हुतं?"

मला काही वेगळं सांगता आलं असतं. अवघड होतं, सगळ्यांनाच लागू पडत नाही, असं काहीतरी.

"होतं," मी म्हटलं.

"आपल्या त्याच दवाखान्यात?"

"हो. खालच्या मजल्यावर."

त्यांनी मान हलवली. गल्लीतून एक भाजीवाली ओरडत गेली. मग मी त्यांना प्रश्नाचं सांगितलं, जावई तिथं उभा असताना मी तो विचारला हे, आणि दुपारी पुन्हा जाऊनही विचारला नाही हेही. ते मला सांगितल्याशिवाय उठता आलं नसतं.

"ती नायच म्हनली असती," ते म्हणाले. "तिचा सबावच तसा." मला बरं वाटावं म्हणून म्हणाले, की त्यांना तसं वाटत होतं म्हणून, ते मला आजही ठरवता येत नाही.

अजून एक विचारायचं होतं. नमुन्यातलं थोडं रक्त शिल्लक होतं. पुढच्या अभ्यासासाठी ते ठेवायचं, की घरच्यांची इच्छा नसेल तर नष्ट करायचं. मी शक्य तितक्या साध्या शब्दांत सांगितलं.

त्यांनी मान वर केली. "तिचं रगत अजून हाय?"

"हो. थोडंसं. गोठवून ठेवलंय."

"मला वाटलं, समदं गेलं," ते म्हणाले. "श्रीरंगपट्टणला जाऊन अस्ती सोडल्या. साड्या वनितानं वाटून टाकल्या." त्यांनी दोन्ही तळवे गुडघ्यांवर घट्ट दाबले. "ऱ्हाऊ द्या. नका टाकू."

त्यानंतरचा हा तिसरा हंगाम. पडद्याआड आता रोज कुणीतरी असतं. मागच्या आठवड्यात गवत कापणारी एक म्हातारी आली. कमरेच्या नाडीखाली खपली सापडली, दुपारपर्यंत गोळी पोटात गेली. तिसऱ्या दिवशी ती डबा उघडून सांबारभात खात बसली होती आणि घरी कधी सोडता म्हणून सगळ्यांशी भांडत होती. गाई उपाशी असतील म्हणे. ती गेली तेव्हा मी दुसऱ्या रुग्णापाशी होते. तिनं वळूनही बघितलं नाही. बरोबरच आहे. बऱ्या झालेल्या माणसाला मागं बघायचं कारण नसतं. असे कितीतरी जण परत गेले, शेतावर, गोठ्यात, बाजारात. शैलजा म्हणतात, यालाच आपलं काम म्हणायचं. मला ते पटतं. पण बऱ्या होऊन जाणाऱ्या प्रत्येक बाईच्या पाठीकडे बघताना मला आनंदाच्या आधी थोडं दुखतं, आणि ते दुखणं कमी व्हावं असं मला वाटतही नाही. उदयोन्मुख हा शब्द मी आता आईशी बोलताना वापरत नाही. आजार उगवत नाही. तो बांधावर असतोच. आपलं लक्ष जाईपर्यंत माणसं जातात.

गेल्या रविवारी वनितानं जेवायला बोलावलं होतं. आईमागं ती माझ्याशी हट्टानं मराठी बोलते, अडखळत, मधेच कन्नडचा आधार घेत. तिच्या मुलीलाही दोन-चार शब्द शिकवते आहे. मी पोचले तेव्हा कृष्णोजीराव मेहुण्याच्या गावाहून नुकतेच परतले होते. पिशवी दारातच होती. वनितानं त्यांना आत जाऊ दिलं नव्हतं. मागच्या अंगणात, भर उन्हात, स्टुलावर बसवलं होतं, सदरा काढायला लावून.

"प्रत्येक वेळी करते," ती मला म्हणाली. "गावाहून आले की आधी हे. मग अंघोळ, मग ऊट." ऊट म्हणजे जेवण.

ती त्यांचा एकेक हात वर करून काख बघत होती, कानांमागं बघत होती, पाठीवरून बोटं फिरवत होती. पाठ सुरकुतलेली, मानेपाशी रापलेली, खाली गोरी. इतकी वर्षं बस चालवून उजवा खांदा किंचित खाली आलेला. ते शाळेतल्या मुलासारखे नीट बसले होते. जावई दारातून टॉवेल घेऊन आला आणि सासऱ्यांच्या मांडीवर ठेवून पुन्हा आत गेला.

मी कट्ट्यावर बसले. काही वेळानं कृष्णोजीराव माझ्याकडे न बघताच बोलायला लागले.

"तेहतीस वर्सं संसार केला, मॅडम. गाडीवरनं यायचो, जेवायचो, झोपायचो. ती हुती, घरात हुती." त्यांनी मांडीवरचा टॉवेल सारखा केला. "असं उनात बसवून तिच्याकडं मी कदी बगितलं नाय."

वनिताचा हात त्यांच्या पाठीवर थांबला. मग तिनं त्यांच्या खांद्याला हलकेच धरून त्यांना उजेडाकडे वळवलं.

"अप्पा," ती म्हणाली, "आता मान खाली करा."

त्यांनी मान खाली केली.